पट्टा का वरडतोय

ट्रकचा पट्टा ओरडायला लागला की मालक मिस्त्रीला म्हणतो, "एवढा आवाज बंद करून दे." पट्टा नीट कर, असं सहसा कुणी म्हणत नाही. आणि आवाज बंद करणं फार सोपं आहे. त्याला धुण्याच्या साबणाची वडी पुरते. इंजिन बंद करायचं, वडी पट्ट्याच्या दोन्ही कडांना घासायची आणि पुन्हा स्टार्टर मारायचा. आवाज गेलेला असतो. मालक खूश होतो, मिस्त्रीला चहा येतो, गाडी रस्त्याला लागते. चार-आठ दिवसांनी तोच पट्टा तिथंच पुन्हा ओरडायला लागतो.

आता ह्यात मिस्त्रीचं चुकलं का? गिऱ्हाइकानं आवाज बंद कर म्हणून सांगितलं, त्यानं बंद करून दिला. पैसे त्याचेच घेतले. मागितलं ते दिलं तर त्यात खोट कुठं आली? आमच्याकडं पारावर ह्यावर मी तासन् तास वाद ऐकलेले आहेत, आणि वाद घालणारे काही कमी बुद्धीचे नव्हते. एकजण म्हणायचा, दुकानदारानं गिऱ्हाइकाला शहाणं करायचा मक्ता घेतलाय का? दुसरा म्हणायचा, मग डॉक्टरकडं जाऊन 'कण्हणं बंद करून द्या' म्हण की. ह्या दुसऱ्याच्या बोलण्यावर सगळे हसायचे, पण पहिल्याचं म्हणणं हसण्यानं खोडून निघत नाही.

साबणाची ही सवय कुठून आली ते मला वाटतं सांगता येईल. आमच्या गावच्या गिरणीत किर्लोस्करांचं ऑइल इंजिन होतं. धुराड्याच्या तोंडावर गिरणीवाल्यानं पत्र्याचा डबा बसवलेला. इंजिन चालू झालं की कुक् कुक् असा आवाज शिवारभर जायचा आणि बाया दळणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन निघायच्या. इंजिनापासून जात्यापर्यंत चपटा, लांबलचक पट्टा. तो घसरायला लागला की गिरणीवाला त्याला राळ लावायचा. त्यात फसवणूक नव्हती. चपटा पट्टा चाकाच्या पाठीवर नुसता टेकलेला असतो, त्याचं सगळं काम चिकटून राहण्यावर. राळ हे त्याचं औषधच होतं.

ट्रकचा पट्टा वेगळा. तो पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. पुलीच्या खाचेत तो दोन्ही अंगांनी रुतून बसतो, तळाला टेकत नाही. ताण बरोबर असला की पाचर घट्ट होते आणि पट्टा पुलीला ओढून नेतो. तळाला टेकला तर समजायचं की पट्टा तरी झिजलाय नाहीतर पुली तरी. ह्या पट्ट्याला वरून काहीही लावायची गरज नसते. लावलंच, तर साबणानं तो धरत नाही, उलट मुकाट घसरतो. घसरणं आधीसारखंच चालू राहतं, नुसतं ऐकू येत नाही. घसरण्यातून उष्णता होते, उष्णतेनं रबर कडक होतं, अंगाला काचेसारखी चकाकी येते, आणि मग तो पट्टा कधीच नीट धरत नाही. गिरणीतून गॅरेजात आलेल्या पिढीनं राळेची सवय बरोबर आणली, पुढं मेण आलं, साबण आला, आता फवाऱ्याचे डबेसुद्धा मिळतात.

आमच्या घरात ट्रक होता तो चुलतभावाचा, म्हणजे दादाचा. जुना घेतलेला, लांब नाकाचा. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ साली तो करार संपला, आणि नाकावरचं तीन टोकांचं चांदणं पुढच्या गाड्यांवरून गेलं. आमच्याकडं मात्र नंतरही कितीतरी वर्षं लोक त्या गाड्यांना 'मर्सिडीज'च म्हणत. ऊस नसेल तेव्हा दादा लोणंदच्या बाजारातून कांदा भरायचा. शिरवळवरून, खेड शिवापूरवरून कात्रजचा घाट चढून पुण्याला गुलटेकडीला. एका हंगामात त्या गाडीनं तीन पट्टे खाल्ले. प्रत्येक वेळी नवा पट्टा टाकला की दहा-पंधरा दिवस शांत, मग पुन्हा आरडाओरडा. मधल्या काळात साबण. दादा म्हणायचा, "हल्ली मालच बोगस येतोय." तीन वेगवेगळ्या दुकानांतून तीन पट्टे आणले तरी तो हेच म्हणायचा. पट्टा ओरडतोय म्हणजे दोष पट्ट्याचा, हे आपल्याला इतकं उघड वाटतं की त्याच्या पलीकडं नजर जात नाही.

चौथ्या वेळी गाडी चाचाकडं गेली. फलटण रोडला लिंबाच्या झाडाखाली त्याचं गॅरेज. वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी झालेली माती. सगळे त्याला चाचाच म्हणायचे, त्याच्याहून वयानं मोठे सुद्धा. दादानं नेहमीचंच सांगितलं, "चाचा, एवढा आवाज बंद करून द्या, रातच्याला भरायचंय."

चाचानं पट्ट्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं ड्रायव्हरला विचारलं, "कवा वरडतो?"

"वरडतोय की सारखाच."

"सारखा कसा वरडंल? सकाळी स्टार्टर मारल्यावर जास्ती, का दुपारच्याला?"

"सकाळी. आन घाटात लाइटी लावल्यावर."

"आन उभ्या गाडीला, नुसतं इंजिन चालू आसताना?"

"तवा बारीक. चिमणीवानी."

चाचा म्हणाला, "मंग दोन आवाज हायेत. तुमी एक म्हनून सांगताय."

माझ्या मते निम्मं काम तिथंच झालं. आम्ही इतके महिने जे ऐकत होतो ते दोन वेगळे आवाज आहेत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण आम्हाला तो ऐकायचा नव्हता, थांबवायचा होता. एक चिवचिवणं, चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारं. दुसरं केकाटणं, डायनमोवर भार पडला की येणारं. सकाळी स्टार्टर मारला की बॅटरी उतरते आणि ती भरायला डायनमो जोर लावतो. रात्री दिवे लावले की पुन्हा तेच. (नव्या गाड्यांत डायनमोच्या जागी अल्टरनेटर आला, पण आमच्याकडं त्याचं नाव डायनमोच राहिलं.) डायनमो जड झाला की ढिला पट्टा त्याच्यावर घसरतो आणि केकाटतो.

मग त्यानं झाकणाला भोक पाडलेली पाण्याची बाटली घेतली. इंजिन चालू, पंखा फिरतोय, आणि हा बाजूनं हात लांब ठेवून पट्ट्याच्या आतल्या अंगावर पाण्याची बारीक धार सोडतोय. चिवचिवणं थांबलं. दादा म्हणाला, "गेला बगा." चाचानं बोट वर केलं. दहा-बारा सेकंदांत पाणी उडून गेलं आणि चिमणी परत बोलायला लागली. पाणी पडल्यावर आवाज वाढला असता तर नुसता ताण कमी असं समजायचं. पाण्यानं थांबून परत आला म्हणजे पट्टा ओळीत चालत नाही, कुठली तरी पुली वाकडी उभी आहे.

इंजिन बंद करून त्यानं पट्टा उतरवला आणि एकेक पुली हातानं फिरवली. पाण्याचा पंप गुळगुळीत फिरला, बेअरिंग खरखरलं नाही. पंखा ठीक. डायनमोही मोकळा फिरला. पट्टा उलटा करून त्यानं दादाच्या हातात दिला. एका अंगाची कड काचेसारखी चकाकत होती, दुसरी जवळजवळ नवी. मग पट्टा परत चढवून ताण दिला आणि सुताची दोरी घेऊन खालच्या पुलीच्या तोंडापासून डायनमोच्या पुलीपर्यंत ताणून धरली, गवंडी भिंतीला धरतो तशी. ताण द्यायच्या आधी दोरी दोन्हीकडं टेकत होती. ताण दिल्यावर डायनमोच्या पुलीची एक कड दोरीपासून सुटली. म्हणजे डायनमो ताण बसला की मान वाकडी करत होता.

कारण सापडलं ते त्याच्या पायथ्याशी. डायनमो ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याचं भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. आणि त्यात जो बोल्ट होता तो एक सूत बारीक. कधीतरी, बहुधा आम्ही गाडी घ्यायच्याही आधी, कुणीतरी मूळचा बोल्ट हरवला म्हणून किंवा तुटला म्हणून हातात आला तो टाकला होता. बारीक बोल्ट भोकात हलत राहिला, हलून हलून भोक वाढत गेलं. पट्टा नवा असला की कडा खरखरीत असतात, धरून राहतो, म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस सगळं ठीक. मग कड झिजते, चिमणी बोलते, डायनमो सरकून ताण कमी होतो, आणि केकाटणं सुरू. तीन पट्टे मेले ते एका बोल्टापायी. लेथवाल्याकडं भोक वाढवून बूश मारून घेतलं आणि मापाचा बोल्ट टाकला. त्याला जे पैसे लागले ते एका पट्ट्याच्या किमतीहून कमी होते.

दादा चिडला. त्याला ते बारीक बोल्ट टाकणारं माणूस हवं होतं. "कुणाचं काम आसंल ह्ये, चाचा? तुमाला हात वळखू येतो."

चाचा म्हणाला, "आसंल कुणीतरी. रातची टाइम आसंल, गाडीत माल आसंल, दुकान बंद आसंल. त्यानं गाडी हालवून दिली. तवा तुमच्यासारकाच कुणीतरी खूश होऊन गेला आसंल."

मग जरा थांबून, "फकस्त सांगायला पायजे हुतं."

ह्या शेवटच्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केलेला आहे. चाचानं त्या अनोळखी माणसाला बारीक बोल्ट टाकल्याबद्दल दोष दिला नाही. सांगितलं नाही ह्याबद्दल दिला. आणि तो स्वतःही तसाच वागायचा. चाचा साबण वापरत नव्हता असं नाही. मी त्याच्याकडं सुट्टीत बसून असायचो, डोळ्यांनी बघितलेलं आहे. टोमॅटो भरलेली गाडी रात्री दहाला आली, सकाळी बाजार गाठायचाय, नवा पट्टा कुठं मिळणार नाही, अशा वेळी तो ताण देऊन कडेला वडी फिरवायचा. पण फिरवल्यावर बॉनेटच्या आतल्या अंगाला खडूनं मोठा 'सा' काढायचा आणि ड्रायव्हरला म्हणायचा, "ह्यो साबण हाय, दुरुस्ती न्हाई. खडू पुसायच्या आत परत या." पुढं ती गाडी दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीकडं गेली तरी बॉनेट उघडल्यावर त्याला कळावं, हाही हेतू. काही जण परत यायचे, काही यायचे नाहीत.

म्हणून पारावरच्या त्या पहिल्या माणसाला माझं उत्तर असं की, साबण लावण्यात पाप नाही, गिऱ्हाइकानं मागितलं ते देण्यातही नाही. तात्पुरतं काम करण्यात कधीच पाप नसतं, नाहीतर निम्मा शेतीधंदा पापी ठरेल. पण साबणाला दुरुस्तीच्या नावानं विकलं, किंवा काहीच नाव न घेता गप्प बसून विकलं, की पुढच्या माणसाच्या हातात खोटी गाडी जाते. तो कुठं शोधायचं तेही विसरतो. आम्ही तीन पट्टे बदलले ते उधळे होतो म्हणून नाही. शोधायची जागा आमच्यापासून लपलेली होती.

इथपर्यंत प्रश्न सोपा आहे. पुढं अवघड होतो, आणि तो कळायला मला ट्रकपेक्षा घरातलंच उदाहरण जवळचं.

आमच्या आज्यांकडं, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एक सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं, पाडव्याला फिटायचं. धान्य, कापड आणि काही रोख. ती रोख तो बहुतेक आधीच उचल म्हणून घेऊन बसलेला असायचा. दर वर्षी दिवाळीच्या पुढं-मागं तो कुरकुरायला लागायचा. अंग दुखतंय, बैलाला आज दुसरा माणूस बघा, मोटेवर मी जात नाही. आबा मनानं वाईट नव्हते. ते त्याला एक धोतरजोडी द्यायचे, बायकोला लुगडं, वर पायलीभर बाजरी. गडी गप्प व्हायचा. संक्रांत झाली की पुन्हा कुरकुर. आबा म्हणायचे, "ह्या जातीला किती बी करा." आजी चुलीपुढून एकदा म्हणाली, "त्याला धोतर नको हाय. त्याला वही वाचून दावा."

वहीत उचल लिहिलेली असायची आणि पुढं त्याचा अंगठा. किती फिटली, किती राहिली, हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तो कुरकुरायचा अंगदुखीच्या नावानं, कारण अंगदुखी बोलायला सोपी. आणि आबांना धोतर द्यायला सोपं.

शेवटी माझ्या धाकट्या चुलत्यांनी एका अमावस्येला त्याला ओसरीवर बसवून वही वाचून दाखवली. तो शांतपणानं ऐकत होता. मधी एकदाच, "ह्ये परत वाचा," म्हणाला. पुढच्या पाडव्याला हिशोब चुकता करून तो आमच्याकडनं गेला, दुसऱ्या गावाला, मुकादमाच्या टोळीत.

आबांना हे फार लागलं. ते म्हणायचे, वही वाचली म्हणून माणूस गेला. आणि ते खरंच होतं. साबण का आवडतो ह्याचं खरं कारण मला इथं दिसतं. कारण शोधायला गेलं की जे सापडतं ते सोयीचं असेलच असं नाही. ट्रकच्या बाबतीत बोल्ट सापडला, स्वस्तात काम झालं. माणसाच्या बाबतीत बोल्ट आपल्याच ओसरीत सापडतो. आवाज बंद करणारा हे मनातून ओळखून असतो, म्हणून तो पट्ट्यापाशीच थांबतो. धोतरजोडी दर वर्षी महाग पडते, तरी माणसं तीच घेतात. आबांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की निदान ते देत होते. गप्प बस म्हणून पाठीत घालणारेही होते शेजारी.

अवघडपणाचा दुसरा भाग चाचाच्या गॅरेजात रोज घडायचा. समजा मिस्त्रीनं खरं सांगितलं. पण कुणाला सांगितलं? गाडीचा मालक पेठेत गादीवर बसलेला असतो. त्याला निरोप जातो की पट्टा जायच्या बेतात आहे, दुरुस्ती करा. तो म्हणतो, ह्या ट्रिपला चालवून घे. त्यानं ऐकून घेतलेलं असतं, समजून घेतलेलं असतं आणि निर्णय केलेला असतो. कायद्यानं बघितलं तर मिस्त्री मोकळा झाला. पण तो पट्टा नुसता डायनमो फिरवत नाही. पंखा आणि पाण्याचा पंप त्याच्यावरच. भरलेली गाडी कात्रज चढताना तो तुटला तर पाणी फिरायचं थांबतं, काटा वर जातो, आणि न थांबता तसंच पुढं दामटलं तर इंजिनाचं हेड जातं. दिवेही बॅटरी टिकेल तेवढेच. रात्री दोन वाजता घाटाच्या वळणावर, मागं दगड लावून, येणाऱ्या गाड्यांना कंदील दाखवत उभं राहायचं ते मालकानं नाही. ड्रायव्हरनं आणि किन्नरानं. किन्नर म्हणजे क्लीनर, बहुतेक वेळा मिसरूड न फुटलेलं पोरगं.

म्हणजे ज्याला खरं कळलं तो सोसत नाही, आणि जो सोसणार त्याला कुणी विचारलेलं नाही. दोन माणसांच्या व्यवहारात सांगितलं की सुटलो असं म्हणता येतं. इथं व्यवहारात चार माणसं आहेत आणि दोघांना बोलायची जागा नाही. चाचा अशा वेळी काय करायचा? घाट चढायची गाडी असेल आणि पट्टा खरंच गेलेला असेल तर तो साबण लावायला सरळ नकार द्यायचा. "वरडू द्या त्याला. वरडतोय तवर डायव्हर कानावर ध्यान ठेवंल." मालक रागावून गाडी दुसरीकडं न्यायचे, तिथं पाच मिनिटांत आवाज बंद व्हायचा. चाचाचं गिऱ्हाईक असं बरंच गेलं. त्याच्या बायकोचं ह्यावर वेगळं मत होतं आणि ती ते सगळ्यांसमोर ऐकवायची. घरात पोरं होती, तिचंही चुकत नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडं बसून कळली. सगळेच वाईट पट्टे ओरडत नाहीत. आतून भेगाळलेला पट्टा कधीकधी शेवटपर्यंत गप्प चालतो आणि एकदम तुटतो. म्हणून आवाज नसलेल्या गाडीचंही बॉनेट तो उघडून बघायचा, पट्टा उलटा पिळून आतलं अंग बघायचा. दादाला हा उगाच वेळकाढूपणा वाटायचा. "गप्प हाय त्याला कशाला डिवचायचं?"

दादाच्या गाडीला बूश बसला, चौथा पट्टा चढला, तेव्हा पैसे देऊन दादा केबिनकडं निघाला होता. चाचानं त्याला काही सांगितलं नाही. त्यानं किन्नराला बोलावलं. ते पोरगं आमच्याच वस्तीवरचं, बारा-तेरा वर्षांचं. त्याचा हात धरून त्याचा अंगठा पट्ट्याच्या मधोमध, दोन पुल्यांच्या मधल्या सगळ्यात लांब जागी ठेवला आणि दाबायला लावला. "बग, अर्धा इंच बसला पायजे. ह्याच्यापरीस जास्ती बसला तर ढिला. आजिबात बसला न्हाई तर लई ताणलाय, बेअरिंग खाईल. नवा पट्टा पैल्या दोन-चार दिसांत वाढतो. इंजिन बंद आसल्याबिगर हात घालायचा न्हाई. कळलं?"

पोरानं मान हलवली. त्या हंगामात मी दोनदा गाडीबरोबर पुण्याला गेलो. शिरवळला गाडी चहाला थांबायची. दादा आणि ड्रायव्हर हॉटेलात शिरायचे, आणि हे पोरगं बंपरवर चढून बॉनेट उचलायचं. पट्टा गप्पच असायचा, तरी अंगठा लावून बघायचं आणि मग चहाला यायचं.